रत्नागिरी शहर : गणपतीपुळ्याच्या नादात हे सोडू नका

आपली कोल्हापूरची माणसं रत्नागिरीला जातो म्हणतात पण जातात गणपतीपुळ्याला. आंबा घाट उतरायचा, साखरपा, पाली मागं टाकायचं, हातखंब्याला आलं की गाडी सरळ निवळीकडं. दर्शन, पाण्यात डुंबणं, सुरमई थाळी आणि परत. रत्नागिरी शहरात कोण शिरतच नाही आणि मला ह्याचंच लई वाईट वाटतं, कारण तिथं बघण्यासारखं एवढं हाय की एक दिवस सुद्धा कमी पडतो.

पहिला नंबर थिबा राजवाडा, ह्यात दुसरा विचारच नाही. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य खालसा केलं आणि पुढच्या वर्षी, म्हणजे १८८६ ला, राणी आणि पोरींसकट इथं आणून ठेवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा. तिकडं दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवलं, तो तिथंच गेला, आणि ब्रह्मदेशचा राजा इकडं कोकणात. इंग्रजांचा हा खेळ शाळेत वाचलेला असतो, पण त्या दगडी भिंतीला हात लावून उभं राहिलं की मग खरा कळतो. हा वाडा बांधून झाला १९१० ला आणि राजा गेला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे एवढ्या मोठ्या घरात मिळाली किती वर्षं, तर सहाच.

आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८८४ चा, त्याच काळातला. आपल्याकडं काळा दगड, मनोरा, घड्याळ, पुढं हरणं, आणि छत्रपतींचं घराणं अजून तिथंच राहतंय, त्यामुळं ती वास्तू जिवंत वाटते. थिबाच्या वाड्यात राहणारं कुणीच नाही. लाल चिऱ्याची इमारत, उतरती छपरं, मधी चौक आणि अर्धगोल लाकडी खिडक्या. त्या खिडक्यांजवळ जरा थांबाच, घाईत पुढं जाऊ नका. सागवानावरची नक्षी इतकी बारीक हाय की आधी नुसती जाळी वाटते, मग हळूहळू त्यातली वेल आणि पानं वेगळी दिसायला लागतात. वरच्या मजल्यावर वारा थेट खाडीकडनं येतो, दारं सतत किरकिरत असतात आणि नाचाच्या दालनातली संगमरवरी फरशी भर दुपारी पायाला गार लागते. राजा दुर्बिणीतनं जहाजं बघत बसायचा असं सांगतात, आणि तिथनं खाली भाट्याची खाडी बघताना ते लगेच पटतं. मागच्या अंगाला बुद्धाची मूर्ती हाय ती चुकवू नका, बरीच लोकं पुढनंच फोटो काढून जातात. राजाची समाधी शिवाजीनगर भागात हाय, तिथं तर आमच्याशिवाय कोणच नव्हतं. राणी सुपायालत मात्र १९१९ ला मायदेशी परत गेली, मोठी मुलगी नंतर रत्नागिरीलाच परत आली आणि शेवटपर्यंत इथंच राहिली. हे सगळं माहीत करून गेलात तर वाडा दुप्पट कळतो, नुसतं गेलात तर रिकाम्या खोल्या बघून याल.

आता वाऱ्याचं सांगतो कारण सगळा प्लॅन त्याच्यावर हाय. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो ते इथं अंगावर येतं. दुपारपर्यंत जमीन तापते मग समुद्राकडनं जो वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. रत्नदुर्ग किल्ल्यावर जाताना रिक्षावाले काका म्हणाले, "घाटावरनं आलात ना? टोपी खिशात ठेवा आणि पोराचा हात सोडू नका." अगदी खरं बोलले. किल्ला घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी समुद्र, तटावर उभं राहिलं की शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. शिवाजी महाराजांनी हा १६७० ला घेतला, वर भगवती देवीचं देऊळ, आणि टोकाला १८६७ चं दीपगृह. दीपगृह संध्याकाळी थोडाच वेळ उघडतात त्यामुळं आधी चौकशी करून जावा. किल्ला सकाळी लवकर करा, वारा मवाळ असतो. दुपारी वाडा आणि म्युझियम. लहान पोरं किंवा म्हातारी माणसं असतील तर हाच क्रम ठेवा.

टिळकांचं जन्मघर टिळक आळीत हाय, कौलारू, अंगणाचं, २३ जुलै १८५६ ला लोकमान्य इथं जन्मले. छोटं हाय पण शांत बसून बघण्यासारखं. पतितपावन मंदिर १९३१ चं, सावरकर इथं स्थानबद्ध होते तेव्हाचं, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश दिला. शाहू महाराजांच्या गावचा माणूस तिथं हात जोडताना जरा जास्तच भरून येतो. मत्स्यालयात पोरं देवमाशाच्या सांगाड्यासमोरनं हलत नाहीत, त्यासाठी वेळ धरा.

तक्रार एकच, एका ठिकाणी (नाव घेत नाही) फलकावरची अक्षरं इतकी पुसट झालेली की मोबाईलची बॅटरी मारून वाचावं लागलं. बाहेरगावचा माणूस एवढ्या लांबनं येतो, त्याला नीट वाचता यायला पाहिजे. मराठीत मोठ्या अक्षरात दोन चांगले परिच्छेद लावले तरी केवढा फरक पडेल.

आणि जाण्याआधी आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये एक चक्कर मारा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं हाय, ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी सापडलेला. कोकणातल्या बंदरांवरनं घाट चढून माल इकडं यायचा. ती मूर्ती बघून मग रत्नागिरीतल्या मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिलात की घाटाची खालची आणि वरची बाजू डोक्यात जोडली जाते.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फलकांचा कापला. सोमवारी जाऊ नका, वाडा बंद असतो.