मोझेल, वाखाऊ की लोआर? द्राक्षबागांच्या खोऱ्यातून सायकलप्रवास ठरवताना

नदीकाठच्या द्राक्षबागांमधून काही दिवस सायकलने फिरावे असे ज्याने मनावर घेतले आहे, त्याच्यापुढे युरोपातील तीन नावे लवकरच येऊन ठेपतात: जर्मनीतील मोझेलचे खोरे, ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठी वसलेला वाखाऊ आणि फ्रान्समधील लोआर. तिन्ही ठिकाणी सायकलवाट नीट आखलेली असून दिशादर्शक फलकांची सोय चांगली आहे, त्यामुळे माहितीपत्रके वाचून निवड करणे अवघड जाते. माझ्या मते या निवडीत सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न हा की, वाटेवरून जाताना द्राक्षवेल आपल्यापासून किती अंतरावर असणार आहे. या एका बाबतीत तिन्ही खोऱ्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत आणि बाकीचे बरेचसे फरक त्यातूनच निघतात.

मोझेलमध्ये वेल अक्षरशः वाटेला लागून असते. ट्रिअर ते कोब्लेन्झ हे सरळ रेषेतील अंतर १०० किलोमीटरपेक्षा थोडे कमी आहे, पण नदी इतकी वळणे घेते की काठाकाठाने जाणाऱ्या सायकलस्वाराला सुमारे २०० किलोमीटर अंतर कापावे लागते. ट्रिअर सोडून श्वाइख ओलांडले की जवळजवळ प्रत्येक वळणाच्या उन्हाकडील बाजूला उभ्या चढणीवर वेलींच्या रांगा दिसू लागतात. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो आणि युरोपातील सर्वांत उभ्या द्राक्षबागांमध्ये त्याची गणना होते. अशा जागी ट्रॅक्टर चालणे शक्य नसल्यामुळे एकाच रुळावरून चढणारी छोटी दातेरी गाडी माणसे आणि माल वर नेते, आणि बाकी काम हातानेच करावे लागते. जमीन पाटीच्या दगडाची आहे. हा दगड दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री ते परत देतो, म्हणूनच इतक्या उत्तरेला रीसलिंगचे द्राक्ष पिकू शकते. हे सारे पाहत असताना सायकलस्वाराची वाट मात्र जवळपास सपाटच राहते, कारण १९६४ साली पूर्ण झालेल्या बंधाऱ्यांमुळे आणि जहाजांसाठीच्या जलद्वारांमुळे नदी संथ झाली आहे आणि वाट तिच्या काठानेच जाते. अशा दुर्गम उतारांच्या इतक्या जवळून इतक्या कमी श्रमात जाता येणे, हे मोझेलचे खरे वैशिष्ट्य आहे.

मोझेलच्या उणिवाही सांगायला हव्यात. काही टप्प्यांत, विशेषतः कोखेमच्या पुढे कोब्लेन्झकडे जाताना, सायकलवाट मोटारींच्या रस्त्याला चिकटून जाते आणि त्या आवाजाचा कंटाळा येतो. शिवाय ट्रिअरहून कोब्लेन्झला जाणारा लोहमार्ग श्वाइखपाशी नदी सोडतो आणि बुलायपाशी पुन्हा तिला भेटतो. या मधल्या भागात, म्हणजे खोऱ्याच्या सर्वांत देखण्या टप्प्यात, त्राबेन-त्रारबाखला येणारा एक छोटा फाटा सोडला तर रेल्वे नाही. पाऊस लागला किंवा पाय थकले तर सायकली वाहून नेणारी हंगामी बस किंवा नदीवरची प्रवासी बोट यांवर अवलंबून राहावे लागते, म्हणून त्यांच्या वेळा आधीच पाहून ठेवाव्यात.

वाखाऊचे गणित निराळे आहे. मेल्क ते क्रेम्स हा टप्पा सुमारे ३५ किलोमीटरचा, म्हणजे सराव असलेला माणूस तो दुपारपर्यंत पार करील. तसे करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पासाऊहून व्हिएन्नाला जाणारे बहुसंख्य सायकलस्वार या टप्प्यातून एका झेपेत निघून जातात आणि त्यांना खोऱ्याची एकच बाजू दिसते. येथे दोन्ही काठांना सायकलवाट आहे. पायऱ्या-पायऱ्यांच्या जुन्या द्राक्षबागा प्रामुख्याने उत्तर काठावर, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतींच्या आधाराने चढत गेलेल्या आहेत. त्यांच्यामधून जायचे तर उत्तर काठ, आणि त्यांचे संपूर्ण चित्र डोळ्यांत साठवायचे तर दक्षिण काठ, जो अधिक शांत असून जर्दाळूच्या बागांमधून जातो. ड्युर्नश्टाइनच्या मठाचा निळा मनोरा आणि गावाच्या वर उंचावर असलेला, ११९२-९३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड जेथे कैदेत होता तो पडका किल्ला, हे दोन्ही समोरच्या रोसात्झच्या बाजूने जसे दिसतात तसे गावात उभे राहून दिसत नाहीत. मेल्क आणि क्रेम्स-माउटर्न यांच्या दरम्यान पूल नाही, पण श्पिट्झ, वाइसेनकिर्शेन आणि ड्युर्नश्टाइन येथून फेरीबोटी सायकलीसह पलीकडे नेतात. त्यामुळे एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परतण्याचा बेत दोन-तीन दिवसांत सहज बसतो आणि मुक्काम एकाच गावी ठेवता येतो. रोज सामान बांधण्याचा ज्याला कंटाळा आहे, किंवा ज्याच्यासोबत लहान मुले आहेत, त्याला याहून सोयीचे खोरे मिळणे कठीण आहे.

लोआरचा विस्तार या दोघांच्या कितीतरी पट आहे. नेव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी सायकलवाट सुमारे ९०० किलोमीटरची आहे आणि तिच्यावर प्रवास करणारे बहुतेक लोक राजवाड्यांसाठी येतात. शांबोर, आंबुआज, विलांद्री ही नावे त्यांना आधीच माहीत असतात. द्राक्षबागा मात्र बहुतेक ठिकाणी नदीपासून थोड्या दूर, वरच्या सपाटीवर किंवा उपनद्यांच्या खोऱ्यांत आहेत, त्यामुळे नदीकाठाने शेकडो किलोमीटर जाऊनही द्राक्षवेल फारशी न दिसण्याची शक्यता येथे खरी आहे. ज्याला बागांसाठीच जायचे आहे त्याने तूर ते आँजे एवढाच भाग निवडावा. व्हूव्रेची पांढरी वाइन, शिनों आणि बुर्गयची काबर्ने फ्रां या द्राक्षाची लाल वाइन, हे सारे या पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी जवळ येते. माँसोरो ते सोमुर या टप्प्यात तर वाट पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांमधून, दगडात कोरलेल्या घरांमधून आणि द्राक्षबागांना लागून जाते. येथे चढउतार आहेत, पण ते टाळून खालच्या रस्त्याने जाणारा माणूस लोआरच्या वाइनप्रदेशाचा गाभाच चुकवतो.

वाऱ्याचा विचार सहसा उशिरा सुचतो. लोआरच्या रुंद, उघड्या खोऱ्यात समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा जाणवतो, म्हणून समुद्राकडे जाताना तो तोंडावर घ्यावा लागण्याची तयारी ठेवावी. डॅन्यूबवर तोच पश्चिमेचा वारा प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्याला सहसा साथ देतो. मोझेलमध्ये मात्र प्रत्येक वळणावर दिशा बदलत असल्याने वारा कधी पाठीशी, कधी समोर असतो आणि त्यावरून बेत ठरवण्यात अर्थ नाही.

वाइन चाखणे हा या प्रवासाचा अर्धा हेतू असेल, तर तिन्ही देशांचे कायदे आणि तेथील वाइनची धाटणी एकत्र विचारात घ्यावी. जर्मनीत सायकलस्वाराच्या रक्तातील मद्याचे प्रमाण दर हजारी १.६ झाले की तो सरळ गुन्हा ठरतो, आणि सायकल वेडीवाकडी चालवली किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनही कारवाई होऊ शकते. ऑस्ट्रियात ही मर्यादा ०.८ आहे, तर फ्रान्समध्ये मोटारचालकाला लागू असलेली ०.५ हीच मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. मोझेलची काबिनेट या हलक्या दर्जाची किंचित गोड रीसलिंग अनेकदा आठ-नऊ टक्के मद्यार्काची असते. वाखाऊमध्ये श्टाइनफेडर, फेडरश्पील आणि स्माराग्ट अशा चढत्या तीन पायऱ्या बाटलीवरच लिहिलेल्या असतात. त्यांपैकी पहिली ११.५ टक्क्यांच्या वर जात नाही, तर तिसरी १२.५ पासून पुढे असते. दुपारी पुढे सायकल चालवायची असेल तर श्टाइनफेडर घ्यावी आणि स्माराग्ट मुक्कामी पोहोचल्यावरच उघडावी. सायकलस्वाराच्या दृष्टीने ही वर्गवारी फार उपयोगाची आहे, आणि लोआरमध्ये तशी सोय नसल्याने तेथे बाटलीवरचा आकडा स्वतःच पाहावा लागतो.

बसून पिण्याच्या जागांबाबतही मोझेल आणि वाखाऊ पुढे आहेत. मोझेलच्या गावांत वाइन करणारी कुटुंबे वर्षातून जास्तीत जास्त चार महिने स्वतःच्या अंगणात छोटे उपाहारगृह चालवतात, आणि वाखाऊतील होयरिगर ही त्याच प्रकारची जागा १७८४ च्या शाही हुकुमापासून चालत आली आहे. दोन्हींकडे घरे पाळीपाळीने उघडतात, म्हणून गावात पोहोचल्यावर आज कोणाचे दार उघडे आहे हे विचारून घ्यावे. लोआरमध्ये उत्पादकाच्या तळघरात जाऊन चाखणे अधिक रूढ आहे आणि त्यासाठी आधी वेळ ठरवलेली बरी.

एवढे पाहिल्यावर, ज्याच्याकडे पाच-सहा दिवस आहेत आणि ज्याला केवळ द्राक्षबागांसाठीच जायचे आहे, त्याला मी निःसंकोचपणे मोझेल सुचवीन. सोबतच्या माणसाला वाइनमध्ये रस नसेल आणि राजवाडे, बगीचे, जुनी शहरे हवी असतील, तर लोआरमध्ये दोघांचेही मन रमेल. व्हिएन्ना पाहायला जाणाऱ्याने त्या सहलीला वाखाऊचे तीन दिवस जोडावेत.

ऋतूची निवडही खोऱ्यानुसार बदलते. वाखाऊला मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जर्दाळू फुलतो, पण तेव्हा वेली उघड्याबोडक्या असतात, म्हणून बागा पाहायच्या असतील तर सप्टेंबर बरा. लोआरच्या मुखाकडील मस्काडे या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि मोझेलची रीसलिंग ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहते. ऑक्टोबरात मोझेलचे उतार पिवळे पडलेले असतात आणि बागांत माणसे काम करताना दिसतात, पण याच काळात गावोगावी वाइनचे उत्सव असल्याने शनिवार-रविवारच्या खोल्या लवकर भरतात. अशा वेळी प्रवास सोमवारी सुरू करून शुक्रवारी संपवावा.