खरखर गेली, हाकाही गेल्या

अंधार पडला की आमच्या बोटीवरचा, इतर बोटींशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ खरखरायला लागायचा. दिवसा मात्र स्वच्छ. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं, पण मी खरखर गाळणारा फिल्टर विकत घ्यायला शोधत बसलो.

फिल्टरचा विक्रेता स्वतः बोटीवर आला. अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत डबा, दोन वायरी, वर निळा दिवा. बॅटरीला जोडला, "आता ऐका" म्हणत रेडिओवर वाकला आणि खरखर गायब! मी तिथल्या तिथे पैसे मोजले. वाकताना त्याचा हात स्क्वेल्चच्या, म्हणजे क्षीण आवाज दाबून टाकणाऱ्या बटणावर होता, हे फार उशिरा आठवलं.

स्क्वेल्च खरखर घालवत नाही, नुसतं दार लावून घेतं. जास्त पिळलं की जोरकस सिग्नलच आत येतो, लांबची क्षीण हाक बाहेरच राहते. दोन दिवसांनी ओळखीचा एक बोटवाला चिडून म्हणाला, "अहो, किती वेळ चॅनल १६ वर ओरडतोय, झोपला होतात का?" संकटाची हाकही त्याच चॅनलवर येते. अंगावर काटा आला.

डब्याचे स्क्रू काढले. आत एक किरकोळ कपॅसिटर, निळ्या दिव्याचा रेझिस्टर आणि वजन वाटावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. फोन केला तर "तुमचं वायरिंगच खराब." पुढे फोन उचलणंच बंद.

मग स्वतः तपासलं. सगळे दिवे, चार्जर बंद केले, रिकाम्या चॅनलवर खरखर जेमतेम थांबेल इतकंच स्क्वेल्च ठेवलं आणि एकेक वस्तू चालू करत गेलो. डोलकाठीच्या टोकावरचा एलईडी दिवा लावला आणि खर्रर्र! अँटेना त्याच्यापासून वीतभर अंतरावर. दिव्यातलं स्वस्त सर्किट करंट सतत तोडत-जोडत असतं. त्याचा कचरा १५६ ते १६२ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतो आणि हवेतूनच अँटेनात शिरतो. खाली बॅटरीला जोडलेला डबा, अगदी अस्सल असता तरी, काय करणार? १६२ च्या आसपास चालणाऱ्या एआयएसवरही (बोटी एकमेकींना आपली जागा कळवतात ती यंत्रणा) याचा परिणाम होतो. अमेरिकी कोस्ट गार्डने २०१८ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. मी तो वाचला दिवा बदलल्यावर.

त्याच माणसाकडून वायरीतून येणारी खरखर अडवायला वायरीवर बसवायचे सहा फेराइट क्लिपही घेतले होते. फेराइटला लोहचुंबक चिकटतो, म्हणून लावून पाहिला. चारांना चिकटला. उरलेले दोन उघडले, आत काहीच नव्हतं.