लाकडी बादलीचा हाती आइस्क्रीम पॉट: अक्षय्य तृतीयेपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

या पॉटमध्ये आइस्क्रीम उत्कृष्ट होते आणि याच्या बादलीचे खारे पाणी बाहेर सोडणारे भोक चुकीच्या उंचीवर आहे. या दोहोंपैकी भोकाबद्दलच मी अधिक लिहिणार आहे, कारण आइस्क्रीम खाण्याजोगे राहणे त्यावरच अवलंबून आहे आणि विक्रेत्याला ते पटवून देण्यात माझा जवळजवळ सगळा मे महिना गेला. सागवानी बादली, आत बर्फ-मिठात बसणारा स्टीलचा डबा, डब्यात लाकडी पात्यांचा पंखा, वर दातेरी चक्रे आणि हँडल ही रचना सर्वांच्या परिचयाची आहे. पाच लिटरचा डबा तीन लिटर मिश्रणापर्यंतच भरावा, कारण गोठताना ते फुगते, हेही सूचनापत्रात दिलेले आहे. त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही.

साडेसहा हजार रुपये एका पॉटवर घालण्याचे कारण मात्र सांगायला हवे. माझे बालपण साताऱ्यात गेले. सत्तरच्या दशकात आमच्या वाड्यात कोणाकडेही फ्रीज नव्हता, साखर रेशनवर मिळत असे आणि चार लिटर दूध एका दिवशी एका घरात आणणे ही गवळ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवण्याची बाब होती. मे महिन्यात आत्या आणि त्यांची मुले आली की एक दिवस पॉट भाड्याने आणला जाई. बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर येई, काका ती पोत्यात घालून मोगरीने फोडत, आणि मिश्रण घट्ट होऊन हँडल जड झाले की बादली हलू नये म्हणून आमच्यापैकी एकाला घडी घातलेले गोणपाट टाकून पॉटवर बसवले जाई. पंखा बाहेर काढल्यावर त्याच्या पात्यांना लागलेले आइस्क्रीम कोणी खायचे, यावरून भांडणे होत, म्हणून आजीने त्याची पाळीच लावून दिली होती. वर्षातून एकदा, फार तर दोनदा मिळणारी ती वाटी आम्हाला लग्नातल्या पंक्तीपेक्षा मोठी वाटे. आज कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने वीस स्वाद मिळतात, तरी ती चव त्यात नाही, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. हे केवळ आठवणींमुळे वाटते की चवीत खरोखरच फरक आहे, हे मला स्वतः करून पाहायचे होते.

पहिला अनुभव बादलीचा. लाकूड कोरडे असले की फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळते, म्हणून आदल्या रात्री बादली पाण्याने भरून ठेवावी लागते. लाकूड फुगते आणि सांधे आपोआप बंद होतात. सूचनापत्रात याचा उल्लेख नाही, पण जुन्या माणसांना ते ठाऊक असते. अक्षय्य तृतीयेला साधे व्हॅनिला केले, ते चांगले झाले, आणि मी पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले.

त्यानंतर सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला हापूसचे आइस्क्रीम केले. म्हशीचे दूध आटवलेले होते, देवगडच्या दोन डझन आंब्यांचा रस होता आणि घर पाहुण्यांनी भरलेले होते. वाटीत वाढल्यावर पहिला घास नणंदेने घेतला आणि काही न बोलता वाटी खाली ठेवली. वरचा तीन बोटांचा थर खारट होता. त्याहून गंभीर बाब अशी की डब्याच्या काठाला निळसर पाण्याचा ओघळ दिसत होता. महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालावा, असा अन्न व औषध प्रशासनाचा नियम आहे, आणि पॉटच्या बादलीसाठी तोच स्वस्त कारखानी बर्फ वापरला जातो, कारण त्याचा पदार्थाशी संबंध येत नाही असे गृहीत असते. येथे तो संबंध आला होता. ते सर्व आइस्क्रीम मी टाकून दिले. दूध, आंबे आणि बर्फ यांचे पैसे तर गेलेच, पण त्या दिवशी जे वाढायचे होते ते वाढता आले नाही, याचे दुःख मला अजून आहे.

आता भोकाविषयी. नुसता वितळणारा बर्फ शून्य अंशावर राहतो, आणि साखर घातलेले दूध शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेल्याशिवाय गोठू लागत नाही, म्हणजे नुसत्या बर्फाने आइस्क्रीम कधीच होणार नाही. बर्फात मीठ मिसळले की तो शून्याच्या बऱ्याच खाली असतानाही वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मिठाचे प्रमाण वजनाने सुमारे तेवीस टक्के झाले तर हे मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत जाऊ शकते. घरी बर्फाच्या चार-पाच भागांना खड्या मिठाचा एक भाग घेतला की काम भागते. या क्रियेत तयार होणारे खारे पाणी टाकाऊ नसते. बर्फाचे खडे डब्याला इकडेतिकडेच टेकतात, मधल्या फटींत हवा असते, आणि ती जागा थंडगार खाऱ्या पाण्याने भरली तरच डब्याला सर्व बाजूंनी सारखी थंडी मिळते. म्हणून बादलीचे भोक तळाशी असून चालत नाही, कारण सगळे पाणी निघून जाईल. मात्र पाण्याची पातळी झाकणाच्या कडेपर्यंत चढली तर ते आत शिरते, म्हणून भोक त्या कडेच्या खाली हवे. माझ्या बालपणीच्या पॉटला ते झाकणाच्या कडेच्या दोन बोटे खाली असे आणि झाकणाची कडही डब्यावर चांगली खोल उतरत असे. या पॉटचे भोक झाकणाच्या कडेला अगदी समपातळीवर आहे आणि झाकण जेमतेम अर्धे बोट खाली येते. बादली किंचित कलली किंवा भोकाच्या तोंडाशी बर्फाचा एक खडा अडकला, की पाणी वर चढते आणि आत जाते.

हे मी विक्रेत्याला छायाचित्रे आणि मोजपट्टीसह कळवले. पहिले उत्तर आले, ‘मॅडम, झाकण लावताना मीठ आत पडले असेल.’ मीठ पडले असते तर आइस्क्रीम निळे झाले नसते, असे मी लिहिले. दुसरे उत्तर आले की बर्फ जास्त भरला असावा, तिसरे आले की परत करण्याची मुदत संपली आहे, आणि त्यानंतर फोनवर मला सांगण्यात आले की बहुतेक ग्राहक हा पॉट दिवाणखान्यात शोभेसाठी किंवा लग्नसमारंभातल्या काउंटरवर मांडण्यासाठी घेतात, त्यांची अशी तक्रार येत नाही. हे उत्तर मला सर्वांत जास्त लागले. हँडलने फिरवायच्या अशा पॉटचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतले. त्याच्या दहा वर्षे आधी, १८३३ मध्ये, बॉस्टनहून जहाजाने निघालेला नैसर्गिक बर्फ कोलकात्याला उतरला होता आणि तेव्हा येथे बर्फ हीच श्रीमंतांची चैन होती. तिथपासून सातारच्या वाड्यापर्यंत ही वस्तू आली ती कामाची वस्तू म्हणून आली. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जिच्या रचनेत काही गूढ उरलेले नाही, तिचे एक भोक योग्य जागी पाडता येत नसेल, तर बनवणाऱ्याने ती एकदाही चालवून पाहिलेली नाही असेच मी समजते. मे महिन्याच्या अखेरीस मी दिलेले पाच तारे एकावर आणले.

बाराशे रुपयांचे नवे झाकण घेण्याचा पर्याय विक्रेत्याने सुचवला होता. दोष त्यांचा असताना त्यासाठी आणखी बाराशे रुपये देणे मला मान्य नव्हते. पावसाळा सुरू झाल्यावर दाराच्या कामासाठी सुतार आले होते, त्यांना मी बादली दाखवली. त्यांनी डबा आत ठेवून, झाकण लावून, कडेच्या दोन बोटे खाली खूण केली आणि गिरमिटाने नवे भोक पाडले, तेही बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, म्हणजे पाणी अडून राहणार नाही. वरचे जुने भोक तसेच ठेवले, त्याने काही बिघडत नाही. दोनशे रुपयांत काम झाले. त्यानंतर एकदाही आइस्क्रीम खारट झालेले नाही. आइस्क्रीम मुरवायला ठेवताना पंखा काढून, झाकणाच्या मधल्या छिद्रात बूच घट्ट बसवून, झाकणाखाली बटर पेपर घालते, आणि बर्फ वरून रचला तरी पाणी बाहेर वाहून जाते.

या दुरुस्तीनंतर पॉटबद्दलचे माझे मत बदलले, आणि ते चवीमुळे बदलले. भारतीय मानकांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असले पाहिजे, म्हणजे दुकानातल्या डब्यात जवळजवळ निम्मी हवा असली तरी ते नियमात बसते. हाताने फिरवलेल्या पॉटमध्ये इतकी हवा शिरतच नाही. चमचा घातला की तो जड लागतो, आइस्क्रीम जिभेवर रेंगाळते आणि वितळून फेस न होता पुन्हा दाट दूधच होते. आइस्क्रीम मऊ राहावे म्हणून घालतात ती जीएमएस किंवा सीएमसी पावडर मी घालत नाही. दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि आटवलेले दूध पुरते, कारण लगेच खायचे असल्याने ते फ्रीझरमध्ये आठवडाभर मऊ राहण्याची गरजच नसते. बालपणीची ती चव आठवणीने वाढवलेली नव्हती, याचा मला मनापासून आनंद झाला. सासूबाईंनी पहिल्या चमच्यालाच ‘हे कोठीतले आहे’, म्हणजे हाती पॉटमधले आहे, म्हणून ओळखले.

मोटर बसवण्याचा विचार मी उन्हाळ्यात गांभीर्याने केला होता, तोही आता सोडला आहे. मिश्रण आदल्या रात्री फ्रीजमध्ये थंड करून सुरुवातीला सावकाश फिरवावे लागते, कारण कोमट मिश्रण जोरात घुसळले तर म्हशीच्या दुधाच्या लोण्याच्या कण्या धरतात आणि जिभेला चिकट थर जाणवतो. अर्ध्या तासाच्या सुमारास हँडल एकदम जड होते, आणि फळाचा गर घालायची वेळ तीच. सीताफळाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्याचा गर तापवला तर कडसर होतो आणि आधीपासून घुसळला तर पाकळ्या राहत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सासवडच्या सीताफळांचा गर मी असाच अर्धवट गोठलेल्या मिश्रणात घातला, तेव्हा अख्ख्या पाकळ्या दाताखाली येत होत्या. हाताला जाणवणारा तो क्षण मोटरवर कळेल असे मला वाटत नाही.

खर्चाचे सांगायचे तर दूध, साखर, फळ, बर्फ आणि मीठ धरून हे आइस्क्रीम दुकानातल्या चांगल्या आइस्क्रीमपेक्षा स्वस्त पडत नाही. चार माणसांच्या घरात, जिथे कोणी फिरवायला नाही, तिथे हा पॉट माळ्यावरच जाईल. पंधरा-वीस माणसे जमत असतील तर अवश्य घ्यावा, मात्र तो दुकानात जाऊन, डबा आत ठेवून, झाकण लावून आणि भोकावर बोट ठेवून पाहूनच घ्यावा. वापरून झाल्यावर डबा, चक्रे आणि बादलीचे लोखंडी पट्टे लगेच गोड्या पाण्याने धुऊन पुसावेत. माझ्या बादलीच्या खालच्या पट्ट्यावर दिवाळीनंतर गंज दिसू लागला आहे.

सध्या मी पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा मी नव्या बादल्यांना भोक दोन बोटे खाली पाडले जाईल तेव्हा देईन. तसे लेखी मी विक्रेत्याला पुन्हा कळवले आहे आणि सुतारांनी पाडलेल्या भोकाचे माप व छायाचित्रही सोबत जोडले आहे.