गच्चीवरचं उघडं मेम्ब्रेन: स्लेटचं, वाळूचं की चंदेरी?

गच्चीची गळती थांबवायला एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे डांबरी वॉटरप्रूफ गुंडाळी, टाकायचं ठरलं की कोटेशनं दोन येतात, एक ‘प्लेन’चं आणि एक ‘मिनरल’चं, म्हणजे वर दगडाच्या कपच्या लावलेल्याचं. दुसरं महाग. मग मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच, वरच्या त्या कपच्यांचे पैसे कशाला? माझं उत्तर आधीच देतो. मेम्ब्रेन उघडं राहणार असेल तर मिनरल घ्या. वर कोबा किंवा टाइल्स येणार असतील तर प्लेन पुरे, कारण गाडलेल्या मेम्ब्रेनला ऊन लागतच नाही.

मेम्ब्रेन म्हणजे शेवटी डांबरच, प्लास्टिक मिसळून सुधारलेलं. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याचा वरचा पापुद्रा कडक करतात. मग मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात आणि पुढचं काम पाऊस करतो.

मिनरल फिनिशवर बहुधा स्लेटच्या कपच्या असतात. स्लेट म्हणजे शाळेतली दगडी पाटी. ती पडली की पदर सुटल्यासारखी चपटी फुटायची, आठवतं? अभ्रकासारखी पापुद्र्यांची खनिजं एकाच दिशेला दाबली गेल्यामुळे तिला ते पदर पडतात. म्हणून कपची डांबरावर आडवी बसते, शेजारच्या कपचीवर थोडी चढते, कौलांसारखी. किरण दगडातच अडतात, डांबरापर्यंत पोचत नाहीत.

वाळू लावलेलं मेम्ब्रेन लांबून तसंच दिसतं. फसू नका. ती बारीक वाळू गुंडाळी आपसात चिकटू नये म्हणून असते. दाण्यादाण्यांत फटी राहतात, शिवाय शुद्ध क्वार्ट्झ अतिनील किरणांना फारसं अडवतच नाही. यूव्ही प्युरिफायरमध्ये दिव्याभोवतीची नळी क्वार्ट्झची करतात ती त्याचसाठी.

तिसरा पर्याय म्हणजे प्लेनवर ॲल्युमिनियम पेंट. त्यातही चपट्या चकत्याच, पण धातूच्या. हा ऊन परतवतो, खालची खोली थोडी निवते. गडद स्लेटला ते जमत नाही. पण रंग तो रंग, काही पावसाळ्यांनी पुन्हा मारावा लागतो, आणि सोसायटीत ‘पुन्हा’ म्हटलेल्या कामाचं काय होतं ते सांगायला नको. वरच्या मजल्याची मुख्य तक्रार उकाड्याची असेल तर मात्र पेंट घ्या.

मिनरल घेताना रोलची कड पाहा. एका बाजूला ओव्हरलॅपसाठी बिनकपचीची पट्टी असते. जाडी तिथेच मोजा, म्हणजे ‘४ एमएम’मध्ये कपच्या धरल्यात का ते कळेल. रोलच्या टोकाला ही पट्टी नसते. तिथे गॅसच्या टॉर्चची आच देऊन कपच्या डांबरात बुडवल्याशिवाय जोड देऊ देऊ नका. कोरड्या कपचीवर डांबर नीट धरत नाही.

पहिल्या पावसात पाइपाच्या जाळीशी मूठभर कपच्या जमतील. त्या सुट्याच असतात, घाबरू नका. टाकीच्या शिडीखाली ये-जा होऊन काळं डांबर दिसायला लागलं तर तिथे चार फरश्या टाका.