सायकलची जुनी ट्यूब: बागेतल्या दुरुस्तीत कुठे कामाची, कुठे नाही

बागेला पाणी घालायचा पाइप तडकला की घरात आधी सेलोटेप शोधली जाते, मग वायरिंगची काळी टेप आणि शेवटी एम-सील. या कामाला तिन्ही निरुपयोगी. खरा इलाज पंक्चरवाल्याच्या दुकानात खिळ्याला लटकत असतो: सायकलची बाद झालेली ट्यूब. इंदूरमध्ये ती बहुतेक वेळा मागितली की फुकट मिळते, नाहीतर चहाच्या पैशांत. जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी, तेही दिवसाआड मिळणारं, पाइपाच्या भोकातून अंगणात वाहून जावं हे बघवत नाही. ही ट्यूब ते थांबवते. सगळीकडे मात्र ती चालत नाही.

टेप का सुटते? पाइप मऊ राहावा म्हणून त्याच्या प्लास्टिकमध्ये एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि टेपचा चिकटा सैल करतं. एम-सीलची गोष्ट वेगळी. ते वाळून दगडासारखं होतं, पाइप मात्र रोज गुंडाळला जातो, वाकतो, आणि दोघांच्या मधली पकड सुटते. ट्यूबला चिकटायचंच नसतं. ताणून गुंडाळलेलं रबर आत आवळत राहतं आणि प्रत्येक वेढ्याने दाब वाढत जातो.

२८ इंची सायकलची ट्यूब साधारण २ मीटर लांब असते. वॉल्वच्या दोन्ही बाजूंनी कापून तो भाग टाकून द्या, मग ट्यूब लांबीने उभी चिरा आणि २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढा. आडव्या कापलेल्या कड्या या कामाच्या नाहीत. आतली पांढरी पावडर साबणाने धुऊन पट्टी पूर्ण वाळू द्या, ती राहिली तर वेढे एकमेकांवरून घसरतात. नळ बंद करून पाइप पुसून कोरडा करा. भोकाच्या ५ सेंटिमीटर आधी सुरुवात करा. पहिला वेढा स्वतःवरच चढवून पक्का करा, मग पट्टी जवळजवळ दुप्पट ताणत प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा येईल असा गुंडाळा. भोकापुढे ५ सेंटिमीटर जाऊन त्याच वाटेने परत या. शेवटचे दोन वेढे सैल ठेवा, टोक त्यांच्याखालून ओढून घ्या आणि मग आवळा. अर्ध्या इंची पाइपाला ६० ते ७० सेंटिमीटरची पट्टी पुरते.

गच्चीवरची टाकी नळापासून ७ मीटर उंच असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोच्या आसपास येतो. एवढ्याला हे बांधकाम आरामात पुरतं.

चुका बहुतेक दोनच होतात. पहिली, भर दुपारी काम करणं. मे महिन्यात अंगणात पडलेला पाइप इतका मऊ होतो की आवळताना तो आत दबतो आणि पाणीच अडतं. सकाळी गार असताना करावं. दुसरी, लांब चीर गुंडाळत बसणं. चीर ३ सेंटिमीटरहून मोठी असेल तर तेवढा तुकडा कापून टाकावा आणि प्लास्टिकचा जॉइंटर घालावा. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. पाइपाची टोकं दोन मिनिटं गरम पाण्यात धरली की सहज चढतात. क्लॅम्प नसेल तर बाइंडिंगची तार चालेल, पण तारेखाली ट्यूबचे दोन वेढे हवेतच, नाहीतर तार पाइप कापते.

ताणलेल्या रबराला ऊन सोसत नाही. काही महिन्यांनी पट्टीवर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा दिसू लागतात. नखाने दाबून त्या उघडल्या तर पट्टी बदला. वरून जुन्या साडीच्या सुती चिंधीचा एक वेढा दिला तर बराच फरक पडतो.

मातीच्या कुंडीला ट्यूब बांधलेली अनेक घरांत दिसते. तिथे ती साफ चुकीची आहे. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. फुगताना तिचा जोर एवढा असतो की रबर ताणून जातं आणि तडा पुन्हा उघडतो. कुंडी कडक आहे, तिला कडकच आधार लागतो. काठाखाली जस्त चढवलेल्या लोखंडी तारेचा एक वेढा देऊन पकडीने पिळा, तडा मिटेपर्यंतच, त्यापुढे एक पीळ जास्त झाला तरी काठ तुटतो. मग आतून एम-सील. इथे त्याला तोड नाही, फक्त कुंडी रिकामी करून दोन-तीन दिवस उन्हात कडकडीत वाळवलेली असावी. वरून कोरडी दिसणारी भाजकी माती आत पाणी धरून असते आणि ओल्यावर ते बसत नाही. तडा जुन्या टूथब्रशने झाडून घ्या. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग होईपर्यंत मळा. रेघा राहिल्या तर तेवढा भाग कधीच कडक होत नाही. तासाभरात ते घट्ट होतं, पण माती दुसऱ्या दिवशी भरा. आणि भरताना काळी माती एकटी नको: माती, वाळू, शेणखत सारख्या भागांत. नाहीतर कुंडी पुन्हा तडकणार.

सिमेंटच्या कुंडीला जुनं सुती कापड सिमेंटच्या कालवणात बुडवून पट्टीसारखं लावावं. कालवण भज्यांच्या पिठाइतकं दाट हवं, आणि आठवडाभर पाणी मारत राहायला हवं.

प्लास्टिकच्या टबाला एम-सीलही धरत नाही. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तापवलेल्या सुईने दोन्ही बाजूंना भोकं पाडून तारेने शिवा. हे उघड्यावरच करावं, धूर वाईट असतो.

झाडं बांधायला मात्र ट्यूबसारखी वस्तू नाही. पपई, टोमॅटो, आंब्याचं कोवळं कलम, या सगळ्यांना सुतळी किंवा तार खोडात रुतते आणि साल चिरते. ट्यूबची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी इंग्रजी आठाच्या आकारात काठी आणि खोडाभोवती फिरवावी, फुली दोघांच्या मध्ये यावी. खिळा ठोकायचा तर काठीत, झाडात कधीच नाही. काळं रबर उन्हात फार तापतं, म्हणून कोवळ्या सालीला आतून सुती चिंधी द्या. दर सहा महिन्यांनी सैल करा. रबर ताणतं हे खरं, पण कायम ताणत राहत नाही.

खुरप्याची मूठ हलत असेल तर आधी लाकडाची पाचर, ट्यूब फक्त वरून पकडीसाठी. मूठ पाण्यात भिजवली की लाकूड फुगून घट्ट वाटते, वाळली की आधीपेक्षा सैल होते.

ट्यूब घेताना एक वीतभर तुकडा दोन्ही हातांनी ताणून बघा. सोडल्यावर पूर्ण आखडला तर घ्या. पॅचांवर पॅच असलेली, चिकट झालेली किंवा घडीवर भेगा पडलेली फुकट मिळाली तरी नको. मोटरसायकलची ट्यूब जाड असते, हाताने पुरेशी ताणत नाही. ती फाटकाच्या बिजागरीखाली आणि शिडीच्या पायांना ठीक.