लग्नाचे फोटो सिलेक्ट करायला गेल्यावर कशावर सही घेतात ते आधी वाचा

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज. फोटोग्राफरने फसवलं म्हटलं की आपल्याला वाटतं अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब झाला असेल नाहीतर अल्बम वर्षभर लटकवला असेल. आमचा माणूस वेळेवर आला, काम चांगलं केलं, अल्बमही दिला, आणि मग माझ्या बहिणीचे फोटो परस्पर एका दुकानाला विकले. वर आम्हालाच म्हणाला की तुमची सही आहे.

बुकिंग कऱ्हाडला झालं. कोटेशन साधं एक पानाचं, मराठीत, ट्रॅडिशनल, कॅन्डिड, व्हिडिओ, ड्रोन, दोन अल्बम, पेनड्राइव्ह, सगळं मिळून एक लाख तीस हजार. बाबांच्या नावाने पावती. बाबांनी तोंडावर विचारलं होतं की फोटो कुठे टाकणार का, तर म्हणाला, "काका, तुम्हाला विचारल्याशिवाय एक फोटो बाहेर जाणार नाही." त्या कोटेशनमध्ये फोटोच्या हक्काबद्दल एक अक्षर नव्हतं.

खरा डाव सिलेक्शनच्या वेळी झाला. लग्न उरकल्यावर अल्बमसाठी फोटो निवडायला त्याने स्टुडिओत बोलावलं, ताई सांगलीला सासरी, बाबांना सुट्टी नाही, म्हणून चुलतभाऊ गेला, कॉलेजला आहे तो. दुपारभर स्क्रीनसमोर बसून हजारो फोटोंमधून नंबर लिहून काढले त्या पोराने, आणि तो पार कंटाळलेला असताना समोर एक कागद आला, वर मोठ्या अक्षरात 'फोटो सिलेक्शन फॉर्म', खाली फोटो नंबर, कव्हरचा रंग, आणि अगदी तळाला बारीक इंग्रजीत चार ओळी. "सही कर दादा, म्हणजे आजच डिझाइनला लावतो." त्या चार ओळी अशा होत्या की सगळ्या फोटोंचे सगळे हक्क कायमचे स्टुडिओचे, स्टुडिओ ते जाहिरातीसाठी कुणालाही देऊ शकतो, ग्राहकाची काही हरकत नाही, आणि हक्क परत हवे असतील तर वेगळा चार्ज. कव्हरचा रंग सांगायच्या कागदावर हे असणार असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का? कॉपीही दिली नाही.

दिवाळीच्या आधी ताईच्या नणंदेने एका फ्लेक्सचा फोटो पाठवला. वन ग्रॅम गोल्डचं दुकान, 'ब्रायडल सेट भाड्याने मिळतील', आणि त्यावर आमची ताई, मुंडावळ्या बांधलेली, गळ्यात आजीची मोहनमाळ. आईला पहिल्यांदा पटेचना, कारण नथ उजव्या नाकपुडीत दिसत होती आणि पदर उजव्या खांद्यावर. डाव्या बाजूला दुकानाचं नाव बसवायचं म्हणून फोटो उलटा फिरवला होता. मग मोहनमाळेतला चेपलेला मणी दिसला, तो मी लहान असताना पाट्यावर आपटून चेपला होता, तेव्हा आईच्या डोळ्यात पाणी आलं.

पुढचा त्रास फ्लेक्सपेक्षा मोठा होता. ताईच्या सासरी गावात बोलणं सुरू झालं, सुनेच्या अंगावरचं सोनं भाड्याचं होतं म्हणे. आजीने आयुष्यभर जपून नातीला घातलेली माळ, आणि तिच्यावर सहा महिने गॅरंटीचं लेबल. ताई दोन सणांना बाहेर पडली नाही. सासूबाई मात्र ठाम उभ्या राहिल्या, त्यांनी येईल त्याला स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल त्यांचे उपकार कधी विसरणार नाही.

फोटोग्राफरला फोन केला तर आवाज न चढवता फॉर्मचा फोटो पाठवला. म्हणाला, फोटो काढणाऱ्याचाच असतो, कायदाच आहे तसा. हवाच असेल तर राइट्सचे चाळीस हजार भरा, मग काढायला सांगतो.

इथेच लोक घाबरून पैसे देतात, म्हणून नीट सांगते. आपल्याकडचा कायदा तो म्हणतो तसा नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७, पोटकलम बी. कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तोवर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे आमच्या केसमध्ये बाबा. नुसती पावती होती तेव्हा सगळे हक्क आपोआप आमचे होते, आणि नेमकं हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून तो फॉर्म बनवला. आमच्या वकील मॅडमनी कलम १९ दाखवलं, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं, आणि सही मालकाची किंवा मालकाने अधिकार दिलेल्या माणसाची लागते. कुठले फोटो, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या भागात, मोबदला किती, हे त्यात असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं आणि भाग लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. चुलतभावाला बाबांनी अल्बमचे फोटो निवडायला पाठवलं होतं, हक्क द्यायला नाही.

आणि समजा हक्क फोटोग्राफरकडे गेले तरी चेहरा ताईचाच राहतो ना. १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की माणसाचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीला वापरणं हा प्रायव्हसीचा भंग आहे. ताईने कुठेच सही केलेली नाही. नोटिशीत हे दोन्ही मुद्दे वेगवेगळे घातले, एक फोटोच्या मालकीचा बाबांच्या नावाने, एक चेहऱ्याचा ताईच्या नावाने.

दुकानदाराकडे मी आणि भावोजी गेलो. तो बिचारा खरंच हादरला, त्याला वाटलं होतं मॉडेल आहे. त्याने ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला, आमच्यासारख्या अजून काही नवऱ्या मुलींचे फोटो त्याला मोबाईलवर 'चॉइस'साठी पाठवलेले होते तेही दाखवले, आणि त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. ते चॅट आज आमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्या मुलींच्या घरच्यांना बहुतेक अजून पत्ताही नसेल, म्हणून तर हे लिहितेय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. कामासाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन केला होता, तिथे तक्रार नोंदवून घेतात, पण आमचा माणूस ढिम्म हलला नाही म्हणून आयोग.

सगळे फोटोग्राफर असे नसतात हेही मनापासून सांगते. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात त्या मुलाने स्वतः निवडलेले दहा-बारा फोटो आधी तिला दाखवले, हे माझ्या पेजवर टाकू का विचारलं, दोन तिने नको म्हटले ते काढले. त्याला काम दाखवल्याशिवाय पुढचं काम कसं मिळणार, ते आपणही समजून घेतलं पाहिजे. पण पेजवर नमुना टाकणं वेगळं आणि दुकानाला विकणं वेगळं, म्हणून कोटेशनवरच बॉलपेनने लिहून घ्या: फोटोंचे हक्क आमचे, स्टुडिओने फक्त आम्ही लेखी हो म्हटलेले फोटो स्वतःच्या पेजवर टाकायचे, तिसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, मेकअपवाली, डेकोरेशनवाले, कार्यालयवाले यांनाही विचारल्याशिवाय नाही, आणि यानंतरच्या कुठल्याही फॉर्मने हे बदलणार नाही. खाली दोघांच्या सह्या, तारीख. सिलेक्शनला कुणालाही पाठवलंत तरी सांगून ठेवा की कागदाचा आधी मोबाईलवर फोटो काढून घरी पाठव, घरून हो आल्यावरच सही.

ज्यांचं लग्न होऊन गेलंय त्यांनी आपल्या भागातल्या साड्यांच्या, दागिन्यांच्या, पार्लरच्या जाहिराती जरा निरखून बघा, उलट्या फिरवलेल्या फोटोसकट. काही सापडलं तर फोटोग्राफरला फोन करायच्या आधी फ्लेक्सचा जागा कळेल असा फोटो, पोस्ट असेल तर लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण फोन गेला की पोस्ट डिलीट होते.