८०० कॅलरी की १४००?

भाचीचं लग्न तीन महिन्यांवर आलं, तशी वहिनी विचारू लागली: वजन उतरवायला रोज ८०० कॅलरीवर राहू की १४०० वर? वय ४०, वजन ७० किलो, उंची १५८ सेंमी. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार तिचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी सुमारे १३२५ कॅलरी जाळतं. घरकाम, चालणं धरून साधारण १८००.

वेग पाहिला तर ८०० वर काटा पहिल्या आठवड्यातच झपकन उतरतो, पण त्यात बरंचसं पाणी असतं. १४०० वर महिन्याला दीड किलोच्या आसपास.

खरा फरक स्नायूंचा. फार कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, चयापचयाचा दर घटतो आणि जुनं जेवण सुरू होताच वजन परत चढतं. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं. १४०० मध्ये दोन वेळच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, दही, अंडी आरामात बसतात.

कष्ट? तिकडे रोज भूक मारायची. इकडे फोडणीचं तेल मोजून घालायचं. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात!

स्थूलता फार असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल, तरच ८००. वहिनीला १४००. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र काहीही कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.